मडमचे रविवार

त्या रविवारी तायड्यांच्या ओसरीवर घरातली निम्मी भांडी उन्हात मांडून ठेवलेली होती, आणि त्यांतल्या एकातही खायचं काही नव्हतं.

परातीत पिस्टन होता. वाट्यांमध्ये बोल्ट, चहाच्या बशीत कार्बुरेटरचे पितळी जेट, जेवणाच्या ताटात क्लचच्या चकत्या. देवमन तायड्यांची रीतच ती होती. फटफटीचा जो भाग ज्या क्रमानं सुटेल, तो त्याच क्रमानं एकेका भांड्यात, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोडताना उलटं चालत यायचं. शेतकी खात्यातला माणूस. ओळीत पेरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"आता भाजी कायच्यात करू? तुमच्या टोपीत?" आतून इंदूबाईंचा आवाज आला.

"कढई सोडली ना तुह्यासाठी."

"कढईत काहीतरी काळं हाये."

"हां… थे राहू दे. थे सायलेन्सरमधलं हाये."

शकुन खांबाला टेकून वाचत बसली होती. ती अमरावतीतच मुलींच्या शाळेत शिकवायची. रविवार हाच काय तो स्वतःचा दिवस. मधूनमधून बाबांचा हात न बघता मागे यायचा, आणि ती पान न सोडता त्या हातात नेमका हवा तो पाना ठेवायची. हे इतक्या वर्षांचं होतं की दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

फटफटीचं नाव मडम. धारणीकडच्या दवाखान्यातली एक गोरी नर्स विलायतेला परत गेली, तेव्हा देवमनरावांनी ती विकत घेतली होती. तेव्हाच ती जुनी होती. आता तर तिच्या टाकीवरचं नावही पुसलं होतं. परतवाडा, धारणी, जिथं जीपसुद्धा तोंड वेंगाडायची अशा वाटांनी ती तायडेसाहेबांना घेऊन फिरली. "घरात आमी दोघी हाओत," इंदूबाई शेजारणींना सांगत, "मी अन् थे मडम. नवरा मात्र तिचा."

फाटकाशी कुणीतरी थांबलं. शकुननं पुस्तकावरून पाहिलं. एक तरुण, अंगात नवाकोरा टेरिलीनचा शर्ट, केसांना तेल, आणि घामाघूम. कारण तो स्वतःची फटफटी ढकलत आणत होता.

"नमस्कार… खंडारे गुरुजी कोठी राहतात?"

"याच गल्लीत, शेवटचं घर. निळं दार," शकुन म्हणाली.

तो हो म्हणाला. पण निघाला नाही. त्याची नजर ओसरीवरच्या भांड्यांवरून सरकत परातीपाशी येऊन थांबली. त्यानं हवेत वास घेतला. "इथी… भजे तळून राहिले काय?"

देवमनरावांनी मान वर केली. "नाई बुवा. थे मडमचा वास हाये. परतवाड्याले इंजन ऑइल भेटलं नाई, तवा घाण्यावरून तेल घेतलं अन् पेट्रोलमधी टाकलं. आयकलं होतं का विलायतेत शर्यतीच्या गाड्याईले एरंडेल घालतात. एरंडेल नव्हतं. जवसाचं होतं. म्हटलं, तेल ते तेल."

"जवसाचं!" तो फाटकातून आतच आला. "काका, जवस तर सुतार लोक दारांले लावतात. वाळून कडक होते थे! तुमी पिस्टनले वार्निश मारलं!"

"आठ दिवस बम चालली. गल्लीभर खमंग वास. मंग जाम."

"होईनच ना. रिंगा चिकटल्या असतीन." तो उकिडवा बसला. मग थोडा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "मी मांगच्या साली करडईचं घातलं होतं."

देवमनराव त्याच्याकडे पाहत राहिले, आणि दोघंही एकदम इतके हसले की इंदूबाई झारा हातात घेऊन दारात आल्या.

त्याचं नाव श्रावण इंगळे. अकोल्याला वीज मंडळात नोकरी. त्याची फटफटीही जुनी, टू-स्ट्रोक, आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे तो तिच्यावर जेवढा बसला त्याहून जास्त तिच्या मागून चालला. पुढचा सगळा वेळ शकुनला एक पानही उलटता आलं नाही. प्लग काळा पडतो तो तेल जास्त म्हणून की हवा कमी म्हणून, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढावी की खरवडून… दोन माणसं एखाद्या हरवलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावीत तशी बोलत होती.

"लोक म्हणतात फोर-स्ट्रोक घ्या," देवमनराव म्हणाले. "फोर-स्ट्रोक म्हंजे आमचं हपीस. एक कागद चार टेबलांवर. हे टू-स्ट्रोक पाहा, दोन हेलपाट्यांत काम खलास."

त्यांचा हात मागे आला. शकुननं पाना दिला. श्रावणनं ते पाहिलं; मग तिच्याकडे पाहिलं. तिनं पुस्तक जरा वर धरलं.

"भाऊ," ती पुस्तकाआडून म्हणाली, "खंडारे गुरुजींकडे काय काम होतं?"

"अरे बाप्पा!" तो उडालाच. "पोरगी पाहाले आलो होतो! मामा तर बसनं केव्हाचे येऊन बसले असतीन तथी…"

त्यानं स्वतःकडे पाहिलं. टेरिलीनच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काजळीचा पट्टा उमटला होता, आणि हात कोपरापर्यंत काळे.

"असेच जा," शकुन म्हणाली. "मुलीलाही कळू दे, काय पदरात पडतंय."

तो गेला. हातपाय धुऊन, देवमनरावांचा एक जुना सदरा घालून, तासभर उशिरा. तिथं काय झालं ते त्यांना नंतर गल्लीतूनच कळलं. मामा रुसून निघून गेले होते, आणि पोहे गार. जाताना फाटकातून तो ओरडून गेला, "काका, पुढच्या रविवारी रिंगा घेऊन येतो! अकोल्यात एकापाशी हायेत!"

संध्याकाळी देवमनराव रॉकेलनं हात धूत होते. "पोट्टं बरं हाये. करडई घालते, पण कबूल करते."

"बिचाऱ्याची मुलगी पाहायची राहिली," शकुन म्हणाली.

"पाहिली असन की," ते टॉवेलनं बोटं पुसत म्हणाले, "कोणती तरी."

सोमवारी सकाळी कचेरीत त्यांनी फाईल घ्यायला हात पुढं केला, आणि तो हात फाईलपर्यंत पोचला नाही.

*

पुढच्या रविवारी श्रावण आला तेव्हा गल्लीत चपला पसरलेल्या होत्या आणि ओसरीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली होती. आत बुद्धाच्या तसबिरीखाली देवमनरावांचा फोटो ठेवला होता. तो फाटकात थबकला. कुणाला काही विचारलं नाही. बाहेर कोपऱ्यात चपला काढल्या आणि दिवसभर पाणी भरलं, सतरंज्या उचलल्या, दूरच्या पाहुण्यांना बसस्टँडवर पोचवलं. निघताना खिशातून कागदाची एक पुडी काढून त्यानं कोनाड्यात ठेवली. शकुननं ती नंतर उघडली. पिस्टनच्या रिंगा होत्या.

त्या दिवसांत घर शेजारणींनी सांभाळलं. भांडी कमी पडली, म्हणून माणिकबाई आणि इतर बायकांनी ओसरीवरची परात, वाट्या, ताटं उचलली, आत जे काय लोखंड होतं ते एका घमेल्यात ओतलं, भांडी राखेनं लख्ख घासली आणि चुलीवर चढवली. चांगल्या मनानंच केलं. दोन दिवस पिठल्याला रॉकेलचा वास येत राहिला. सगळ्यांनी तसंच खाल्लं. घमेलं न्हाणीच्या मागं गेलं. मडमचा सांगाडा ओसरीच्या कोपऱ्यात पोत्याखाली उभा राहिला.

शकुन शाळेत जायला लागली. मुली म्हणाल्या, बाई पूर्वीसारख्याच शिकवतात. घरी आईसमोर ती रडली नाही, आणि आई तिच्यासमोर. दोघी एकमेकींना जेवायला वाढत आणि एकमेकींच्या ताटाकडे पाहत.

संत्र्यांच्या गाड्या कमी झाल्या, कापसाच्याही. फाल्गुनातल्या एका रविवारी फाटक वाजलं.

"मडम कशी हाये?" श्रावण म्हणाला. माणसांबद्दल विचारायला त्याला जमलं नसावं.

शकुननं घमेलं आणून समोर ठेवलं. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हे तर… खिचडी झाली."

"भांडी लागली होती."

इंदूबाई उंबऱ्याशी आल्या. "जोडता येत असन तर जोडून टाक बाबू. अंजनगाव सुर्जीचे केशवराव हायेत, यांच्या ओळखीचे. चालू करून द्या, नेतो म्हणतात. इथी कोण बसणार तिच्यावर? अन् अशी तुकड्यातुकड्यात… मले पाहावत नाई."

श्रावणनं घमेल्यातला एक बोल्ट उचलला, फिरवला, परत ठेवला. दुसरा उचलला. दोन्ही सारखेच दिसत होते. "कोणता कुठला, काकालेच ठाऊक. माह्यी गाडी अशी नाई. मले जमन असं वाटत नाई, मावशी. उगा खोटं कायले बोलू?"

शकुन उठून आत गेली. येताना तिच्या हातात परात होती. मग वाट्या आल्या, ताट आलं, चहाची बशी आली. तिनं ती ओसरीवर मांडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि स्वतः खांबाला टेकून बसली, जिथं त्या दिवशी बसली होती तिथंच.

"काठ चेपलेली वाटी," ती म्हणाली. "तिच्यात चार आखूड बोल्ट होते. एकाचं डोकं झिजलेलं. शेजारच्या वाटीत दोन लांब, आणि तांब्याची चकती. बशीत जेट. तिसरा जेट बाबांच्या हातातून घरंगळला होता, तो वाटीत गेला."

तो घमेल्यातून वेचत गेला. ती सांगत गेली. कुठं अडली तर डोळे किलकिले करून, पुस्तक नसतानाही पुस्तक धरल्यासारखे हात वर करून पाहायची, आणि मग आठवायचं. इंदूबाई केव्हा आत गेल्या ते दोघांनाही कळलं नाही.

"तुमी तर वाचत होत्या," शेवटी तो म्हणाला.

"वाचतच होते."

"मंग हे सगळं?"

"पुस्तकाच्या पलीकडेही दिसतं, भाऊ."

"मंग मीबी दिसलो असन."

"तुमच्या शर्टावरचा डाग दिसला."

"थो अजून गेला नाई," तो म्हणाला. "धोबी म्हणे, जवस हाये हे. वाळलं का जात नाई."

*

त्यानंतर तो रविवारी यायला लागला, बसनं. कारण त्याची स्वतःची फटफटी बडनेऱ्याच्या अलीकडे कुठंतरी दर वेळी मान टाकायची. येताना काहीतरी आणायचा: गॅस्केटचा पुठ्ठा, वायर, एकदा नुसतीच मुरमुऱ्याची पुडी.

शकुनला जुनाच एक प्रश्न होता, बाबांना कधी न विचारलेला. "हिला व्हॉल्व्ह नाहीत. मग श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे हिला कळतं कसं?"

त्यानं सिलिंडर तिच्या हातात दिला. भिंतीतली भोकं दाखवली. "पिस्टनच दार उघडते, पिस्टनच लावते. खाली गेला का उघडं, वर आला का बंद. वेगळा दारवान नाई."

"म्हणजे जुना धूर बाहेर पडतो तेव्हाच नवी हवा आत येते? एकाच वेळी?"

"हो. म्हणून थोडा जुना मधातच राहते. थोडं नवं वाया जाते. कितीबी करा."

ती सिलिंडरच्या आत पाहत राहिली. दुसऱ्या टोकाकडून गोल उजेड येत होता. तो चिंधीनं एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

एकदा अवकाळी आला. भर उन्हात टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले आणि ओसरीत तिरपी झड शिरली. दोघांनी मडमला दोन्ही बाजूंनी धरून भिंतीशी ओढलं. ती जड, फरशी ओली… हँडलवर त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तिथं जरा राहिला. पाऊस लगेच उघडला. हात मग उचलावे लागले.

"तुमाले भ्याव नाई वाटलं?" तो उगीचच म्हणाला.

"कशाचं?"

"…गाडी पडन म्हणून."

"पडली असती तर अजून दोन रविवार गेले असते," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून घाईनं चहा करायला उठली.

काम मात्र काही केल्या सरेना. गॅस्केट एकदा लहान आलं, एकदा मोठं. स्प्रिंग आणायची राहिली. "या पोट्ट्याले अकोल्यात एकच दुकान ठाऊक हाये वाटते," इंदूबाई म्हणाल्या, "अन् थेबी बंदच असते." मग कणीक मळता मळता, मान वर न करता, "शकुन, तू त्याले भाऊ म्हणणं सोडलं."

"हो का? लक्षात नाही आलं."

"माह्या आलं."

शकुननं लाटणं घेतलं. एवढं तिला कळत होतं, की मडम ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी केशवराव तिला घेऊन जातील, आणि मग अकोल्याहून इथं यायला त्याला काही कारण उरणार नाही.

चैत्रातल्या एका रविवारी सगळं बसलं. प्रत्येक वाटी रिकामी झाली. संध्याकाळी केशवराव येणार होते. श्रावण टाकीत पेट्रोल भरताना म्हणाला, "पुढच्या रविवारी मी याच गल्लीत असीन."

"म्हणजे?"

"खंडारे गुरुजीकडे. माय आयकून नाई राहिली. मामानं पुन्हा जमवलं. वच्छला म्हणून हाये पोरगी… चांगली हाये म्हणतात."

"चांगलीच आहे. माझ्याच शाळेत शिकली," शकुन म्हणाली. "या वेळी शर्ट जपा."

बोल्ट जास्त पिळला की आटे जातात. मग तो नुसताच फिरतो, घट्ट होत नाही, सुटतही नाही. तिला आत तसं झालं.

श्रावणनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, पुन्हा. मडम नुसती उसासत होती. त्यानं प्लग काढून पाहिला. "ठिणगीच नाई," तो म्हणाला, आणि तिच्या नजरेला नजर न देता, "मॅग्नेटो गेला असन. मोठं काम हाये. केशवरावले सांगा, महिनाभर तरी…"

शकुननं त्याच्याकडे पाहिलं. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मॅग्नेटोचं झाकण काढलं. जिथं ठिणगी तयार होते त्या पॉइंटच्या मधोमध, चार घड्या घालून, काहीतरी गुलाबी बसवलेलं होतं. तिनं ते नखानं ओढून काढलं, उलगडलं.

"हे काय?"

"एसटीचं तिकीट."

"ते दिसतं आहे. इथं काय करतंय?"

"…बसून हाये."

"कुणी बसवलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मांगच्या रविवारी. तुमी पाणी आणाले गेल्या होत्या तवा."

"काहून?"

"चालू झाली असती ना."

शकुन हसली. आधी नुसती, मग तोंडावर हात ठेवून, मग तो हातही काढून. त्या घरात इतक्या दिवसांत तो आवाज झाला नव्हता. इंदूबाई पाहायला दारात आल्या आणि तिथंच चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मग तिनं झाकण बसवलं, पदर खोचला आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तिनं यापूर्वी कधी किक मारली नव्हती. पण कुठं अलगद दाबायचं आणि कुठं सगळा भार टाकायचा, हे तिला पाठ होतं. पहिल्या किकला मडम खोकली. दुसऱ्या किकला धडधडून सुरू झाली.

निळा धूर ओसरीभर झाला. गल्लीतली माणसं दाराशी आली. "आवाज तोच हाये," इंदूबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला आणि तो तसाच राहू दिला. शकुननं हँडलवर तळवे ठेवले. सगळा थरथराट तिच्या कोपरापर्यंत आला.

"आता केशवरावले बोलाले जागाच नाई!" श्रावण आवाजावर आवाज चढवून ओरडला. मग त्याचं हसू विरलं. तो खाली बसला आणि आपले पाने एकेक करून पिशवीत भरायला लागला. सावकाश, प्रत्येक पुसून.

शकुननं वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.

"कायले?" तो म्हणाला. तिनं हातानंच थांबा म्हटलं.

मडम लगेच थांबणारी नव्हती. कार्बुरेटरच्या वाटीत उरलेलं संपेपर्यंत ती चालणार, हे दोघांनाही माहीत होतं. ती चालत राहिली. शकुन उभी होती. ओठांवर आलेलं बोलणं पुन्हा आत जाईल अशी तिला भीती वाटत होती, आणि तेवढ्या वेळात ते आत गेलं नाही. शेवटाला आली तशी मडम एकदम जोरात, वरच्या पट्टीत ओरडली. आणि बंद पडली.

श्रावणच्या हातातला पाना हातातच राहिला.

"त्या घरी जाऊ नका," शकुन म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. तिनं तो कमी केला नाही. "मले बाबाची आठवण येते. लय येते. मी कोणाले म्हटलं नाई हे, मायलेबी नाई. रविवारी तुमी आले का थे सोसवते. मडम आज जाईन, तिले जाऊ द्या. तुमी या. कायले आला म्हणून कोणी पुसलं, तर माह्यं नाव सांगा. मले तुमी पाहिजे."